लिनक्सची झोपमोड

लॅपटॉपचे झाकण मिटले की यंत्राने झोपावे आणि उघडले की जिथे काम थांबले होते तिथूनच जागे व्हावे, ही अपेक्षा काही फार मोठी नाही. तरी लिनक्सवर ती बहुतेक यंत्रांत विनातक्रार पुरी व्हायला २००९-१० साल उजाडावे लागले. तोवर लिनक्स कर्नलचे वय अठरा-एकोणीस वर्षांचे झाले होते. वेब सर्व्हरच्या बाजारात त्याने ठाण मांडले होते, जगातले सर्वांत वेगवान महासंगणक त्याच्यावर चालत होते, आणि हजारो प्रोसेसर एकसाथ पळवणाऱ्या ह्या प्रणालीला मांडीवरचा एक संगणक मात्र धड निजवता येत नव्हता. ह्या विसंगतीची दोन उत्तरे नेहमी तयार असतात. पहिले असे, की मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना असल्या कंटाळवाण्या कामात रस नसतो. दुसरे असे, की मायक्रोसॉफ्टने जाणूनबुजून वाट अडवली. दोन्हींत थोडे तथ्य आहे, पण दोन्ही मुख्य गोष्ट चुकवतात. वीजबचतीचे मानक जाहीर होते, कोणालाही फुकट वाचता येत होते. फक्त यंत्रे त्या मानकाबरहुकूम बनत नव्हती. ती विंडोजवर चालतील अशी बनत होती. सातबाऱ्यावर एकाचे नाव आणि जमिनीची वहिवाट दुसऱ्याची, अशी ही स्थिती होती. लिनक्सचा प्रश्न सुटत गेला तो कागदावर भांडण्याचे सोडून वहिवाट समजून घेतल्यावर.

सुरुवातीला यंत्र केव्हा निजवायचे हे ठरवण्याची सत्ता सरळसरळ बायोसकडे होती. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने 'अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर मॅनेजमेंट', म्हणजे एपीएम, ही पद्धत आणली. तीत ऑपरेटिंग सिस्टिमने फक्त विनंती करायची: प्रोसेसरला आत्ता काम नाही, यंत्र आता निजवा. डिस्क केव्हा थांबवायची, पडद्यामागचा दिवा केव्हा विझवायचा, हे बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम, आपल्या मर्जीने ठरवणार. स्टीफन रॉथवेल आणि रिक फेथ यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यात लिनक्ससाठी लिहिलेला एपीएम ड्रायव्हर आटोपशीर होता, कारण त्याच्या हातात फारसे काही नव्हतेच. बायोस चांगला असेल तर सगळे सुरळीत. वाईट असेल तर कोणाचाच इलाज नाही, विंडोजचासुद्धा. बायोसची अडचण अशी, की माणूस कळफलकाला हात न लावता काही वाचत बसला आहे की उठून चहाला गेला आहे, एखादा प्रोग्रॅम मोठी फाइल उतरवतो आहे की नुसता उघडा पडला आहे, ह्यातले त्याला काही समजत नसे. ज्याला माहिती होती त्याला अधिकार नव्हता, आणि ज्याला अधिकार होता त्याला माहिती नव्हती.

म्हणून १९९६ च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने एसीपीआय हे नवे मानक जाहीर केले. तत्त्व अगदी बरोबर होते: निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमने घ्यायचा. पण प्रत्येक मदरबोर्डची जोडणी वेगळी. ह्या लॅपटॉपचा पंखा कुठल्या तारेवर आहे, त्या लॅपटॉपची बॅटरी किती उरली हे कोणाला विचारायचे, हे ऑपरेटिंग सिस्टिमला कळणार कसे? त्यावर काढलेली तोड अशी, की उत्पादकाने फर्मवेअरमध्ये, म्हणजे बायोससारख्या यंत्रातच भरलेल्या प्रोग्रॅममध्ये, तक्ते ठेवायचे आणि त्या तक्त्यांत नुसती माहिती नव्हे तर छोटे छोटे प्रोग्रॅमच लिहायचे, एएमएल नावाच्या बाइटकोडमध्ये. ते वाचून चालवणारा दुभाष्या कर्नलच्या पोटात बसवायचा. म्हणजे उत्पादकाने लिहिलेला, कोणी न तपासलेला कोड थेट कर्नलच्या अधिकाराने चालणार. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००३ च्या सुमारास ह्या रचनेला जाहीरपणे सर्वार्थाने फसलेली रचना म्हटले, आणि ती आता आपल्या गळ्यात पडलीच आहे हेही कबूल केले. इंटेलने दुभाष्याचा संदर्भ-कोड खुल्या परवान्याखाली दिला. लिनक्सने तो घेतला, फ्रीबीएसडीनेही घेतला. ओपनबीएसडीच्या मंडळींनी, त्यांच्या स्वभावाला धरून, स्वतःचा वेगळा लिहिला. लिनक्सच्या २.४ मालिकेत एसीपीआय प्रायोगिक म्हणून शिरले आणि डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ नंतर रुळले.

रुळले म्हणजे चालले, असे मात्र नाही. लॅपटॉप बनवणारी कंपनी तक्ते लिही, विंडोज सुरू करून पाही, झाकण मिटून उघडे, आणि माल बाजारात धाडी. विंडोज जागे झाले म्हणजे तक्ते बरोबर, एवढीच परीक्षा. ही परीक्षा किती उदार होती ह्याचे एक उदाहरण पुरेसे आहे. एएमएलमधल्या एखाद्या पद्धतीने शेवटी उत्तर परत करायचे असते. लिहिणारा ते करायला विसरला तर मानकाच्या दृष्टीने ती सरळ चूक. पण मायक्रोसॉफ्टचा दुभाष्या शेवटच्या हिशेबाचे जे काही मूल्य हाती असेल तेच उत्तर समजून पुढे जाई. त्यामुळे चूक कधी कोणाला दिसलीच नाही आणि हजारो यंत्रांत ती तशीच छापली गेली. मायक्रोसॉफ्टचे भाषांतर साधन जे तक्ते निमूटपणे स्वीकारी, त्यांच्यावर इंटेलचे साधन चुकांची लांबलचक यादी काढी. लिनक्स मानकाला धरून चालले आणि बॅटरी दाखवायची बंद झाली. वापरणाऱ्याच्या लेखी दोष अर्थातच लिनक्सचा. अखेर दुभाष्यातच एक ढिलाईची सोय केली गेली, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा दुभाष्या ज्या चुका पोटात घालतो त्या आपणही घालायच्या, आणि लिनक्सने ती कायमची चालू ठेवली. काटेकोरपणा हवा असेल त्याने मुद्दाम मागून घ्यावा.

इथे दुसरे उत्तर, म्हणजे कटाचे, पुढे येते, आणि त्याच्या बाजूने कागदोपत्री पुरावाही आहे. आयोवा राज्यात मायक्रोसॉफ्टविरुद्ध चाललेल्या आणि २००७ मध्ये तडजोडीने मिटलेल्या खटल्यात बिल गेट्स यांचा जानेवारी १९९९ चा एक अंतर्गत ईमेल उघड झाला. एसीपीआयच्या विस्तारांत असे काही करता येईल का की ते विंडोजपुरतेच राहतील, कारण आपण कष्ट करायचे आणि लिनक्सला ते आयते चालायचे हे बरे नव्हे, असा त्याचा रोख होता. हेतू स्पष्ट आहे. त्याची सारवासारव करण्याचे कारण नाही. पण हेतू आणि परिणाम ह्यांच्यात दुवा जोडावा लागतो, आणि तो इथे जुळत नाही. मानक खुलेच राहिले, इंटेलचा कोड खुला राहिला, पुढच्या आवृत्त्याही सर्वांना मिळत गेल्या, आणि २०१३ मध्ये तर मानकाची जबाबदारीच यूईएफआय फोरमकडे गेली. अडवणूक करण्याची गरजच पडली नाही. नव्वद टक्क्यांहून जास्त ग्राहक एकाच ऑपरेटिंग सिस्टिमचे असले की उत्पादक दुसरीवर चाचणीचा खर्च करत नाही. त्याला कोणी ईमेल धाडावा लागत नाही. २००८ मध्ये फॉक्सकॉनच्या एका मदरबोर्डवर असाच गदारोळ झाला. त्याच्या तक्त्यांत लिनक्ससाठी वेगळी फांदी होती आणि ती सदोष होती, तेव्हा हा घातपातच असा बोभाटा झाला. कर्नलमधले जाणकार मॅथ्यू गॅरेट यांनी तक्ते तपासून दाखवले, की लिनक्स त्या फांदीकडे फिरकतच नव्हता. कंपनीनेही पुढे सुधारित बायोस दिला. निष्काळजीपणाला कट समजल्याने इलाज चुकीच्या जागी शोधला जातो.

लिनक्स त्या फांदीकडे फिरकत का नव्हता, ही हकीकत तर वहिवाटीच्या बाजूचा सर्वांत बोलका पुरावा आहे. एसीपीआयमध्ये फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टिमला विचारू शकते: तू अमुक प्रणाली आहेस का? प्रश्न मुळात अमुक सोय आहे का असा असायचा होता, पण विंडोजने आपल्या आवृत्त्यांची नावेच उत्तरात घातली आणि उत्पादक नावावरून वाटा फोडू लागले. लिनक्सने सुरुवातीला प्रामाणिकपणे दोन्ही नावांना होकार दिला, विंडोजच्याही आणि स्वतःच्याही. परिणाम असा, की काही उत्पादकांनी लिनक्ससाठी एखाद्या जुन्या आवृत्तीपुरती डागडुजी लिहून ठेवली. कर्नल पुढे बदलला आणि तीच डागडुजी नव्या कर्नलच्या पायात येऊ लागली. बायोस एकदा विकला गेला की बहुतेक कोणी तो बदलत नाही; कर्नल दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो. २००७ मध्ये २.६.२३ पासून एसीपीआयचे त्या वेळचे प्रमुख लेन ब्राऊन यांच्या काळात कर्नलने स्वतःच्या नावाला ओळख देणेच बंद केले. तेव्हापासून फर्मवेअरने 'तू लिनक्स आहेस का' विचारले तर उत्तर नाही, आणि 'तू विंडोज आहेस का' विचारले तर उत्तर होय. विंडोजची नवी आवृत्ती आली की तिचेही नाव यादीत जाते. हा पराभव आहे असे वाटणाऱ्यांची अडचण मला कळते. खुल्या प्रणालीने खोटे नाव सांगून राहावे हे खटकतेच. पण दुसऱ्या पारड्यात काय होते ते पाहावे: ज्या वाटेवरून विंडोज जाते तेवढीच वाट कोणीतरी चालून पाहिलेली होती.

आता पहिले उत्तर, स्वयंसेवकांच्या अनास्थेचे. यंत्र निजवण्याच्या कामाचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. उलट तिथे माणसे जास्तच होती आणि एकमेकांशी भांडत होती. स्मृतीतला सगळा मजकूर डिस्कवर उतरवून यंत्र पूर्ण बंद करायची सोय पावेल माखेक यांनी पुढे नेली आणि २००२ मध्ये ती विकासाधीन २.५ मालिकेत शिरली. पॅट्रिक मोशेल यांनी तिचीच दुसरी शाखा काढली. नायजेल कनिंगहॅम यांची तिसरी, जास्त वेगवान आणि वापरणाऱ्यांची लाडकी. ती कर्नलच्या मुख्य प्रवाहात कधीच घेतली गेली नाही. हा सगळा पसारा नंतर रफाल विसॉत्स्की यांनी आवरला. पण खरे काम ह्या भांडणाच्या खाली, वेगळ्याच ठिकाणी चालले होते. यंत्र निजवताना प्रत्येक उपकरण योग्य क्रमाने बंद करावे लागते: आधी माऊस, मग तो ज्या यूएसबी नियंत्रकावर आहे तो, मग तो ज्या बसवर आहे ती. जुन्या कर्नलला कोण कोणाला जोडलेले आहे हेच एका जागी माहीत नव्हते. २.५ मध्ये मोशेल यांनी उपकरणांचा वंशवृक्ष ठेवणारी रचना केली ती मुख्यतः ह्या गरजेतून. आज लिनक्सवर काम करणारा प्रत्येक जण हा वृक्ष फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या ज्या 'सिसएफएस'मध्ये डोकावतो, ते ह्या झोपेच्या प्रश्नाचे अपत्य आहे. वृक्ष उभा राहिल्यावरही शेकडो ड्रायव्हरांत निजण्या-उठण्याचा कोड एकेक करून घालावा लागला, आणि हे काम संख्येनेच मोठे होते.

शिवाय पडदा. यंत्र जागे होई, डिस्क फिरू लागे, पण पडदा काळाच. यंत्र नव्याने सुरू होताना बायोस ग्राफिक्स कार्डाला जागे करतो. झोपेतून उठताना ते त्याच्यावर बंधनकारक नव्हते आणि विंडोजमध्ये उत्पादकाचा ड्रायव्हर ते काम करत असल्याने कोणाला उणीव भासली नाही. लिनक्समध्ये ग्राफिक्स कार्ड हाताळत होता एक्स सर्व्हर हा पडदा रंगवणारा प्रोग्रॅम, कर्नलच्या बाहेर. कर्नलला त्या कार्डाची फारशी ओळखच नव्हती. मग गॅरेट यांनी बायोसचा आरंभीचा कोड पुन्हा चालवून कार्ड उठवणारे एक साधन लिहिले. कुठल्या लॅपटॉपला कुठली युक्ती लागू पडते ह्याच्या याद्या वितरणांतून फिरू लागल्या. औषध होते, पण दर रोग्याला निराळे. मार्च २००९ च्या २.६.२९ मध्ये इंटेलच्या चिपांसाठी पडद्याची मांडणी कर्नलकडे आली, पुढे इतरांचीही, आणि त्या याद्या भराभर निरुपयोगी झाल्या.

जिथे फर्मवेअरचा संबंध नव्हता तिथे लिनक्स किती झपाट्याने पुढे गेला, हे पाहिले की अनास्थेचा आरोप आणखी लंगडा पडतो. कर्नलमध्ये एक ठोका पडत असे, सेकंदाला १०० वेळा, २.६ मध्ये तो १००० वर गेला. प्रोसेसरला काहीही काम नसले तरी दर ठोक्याला उठावे लागे, आणि गाढ झोपेच्या अवस्थांत जायला त्याला उसंत मिळत नसे. २००५ मध्ये ठोका २५० वर आणला तो तडजोड म्हणून. थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोलनार यांच्या कामातून एप्रिल २००७ च्या २.६.२१ मध्ये रिकाम्या वेळचा ठोकाच काढून टाकला गेला. पुढच्याच महिन्यात इंटेलच्या आर्यन व्हान द व्हेन यांनी पॉवरटॉप नावाचे साधन प्रसिद्ध केले. प्रोसेसरला सेकंदाला किती वेळा, आणि मुख्य म्हणजे कोणी, उठवले हे ते नावानिशी दाखवी. कर्नल निर्दोष ठरला आणि गुन्हेगार वरच्या मजल्यावर सापडले: गप्पांचा प्रोग्रॅम, ब्राउझर, आणि सीडी घातली का हे दर दोन सेकंदांनी जाऊन पाहणारी एक सेवा. ती यादी सार्वजनिक झाल्यावर दुरुस्त्यांचा ओघ लागला. ज्यांचे नाव यादीत आले त्यांना कोड बदलायचा अधिकार होता आणि लाजही होती. बायोस लिहिणाऱ्यांना यादीत टाकून काही उपयोग झाला नसता.

एक वाजवी आक्षेप उरतो. अ‍ॅपलचे लॅपटॉप ह्या सगळ्या काळात झाकण मिटताच निजत होते. तेव्हा यंत्र आणि प्रणाली एकाच मालकाच्या हाती असणे हाच खरा उपाय, आणि खुलेपणा हीच खरी अडचण नव्हे काय? अर्धा भाग मान्य आहे. यंत्राची जबाबदारी एका हाती असावी लागते हे खरे, पण त्यासाठी प्रणाली बंदिस्त असावी लागत नाही. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चा हिरवा-पांढरा एक्सओ संगणक २००७ मध्ये आला. रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेतही त्याच वर्षी त्याचा प्रयोग झाला. त्यात लिनक्सच होते, पण एसीपीआयच्या तक्त्यांऐवजी खुले फर्मवेअर होते, आणि प्रोसेसर निजला तरी पडद्यावरचे पान तसेच धरून ठेवणारी स्वतंत्र चिप होती. मूल वाचत असताना यंत्र झोपू शके. त्याची स्वयंचलित झोप सॉफ्टवेअरमध्ये उशिरा आली हे खरे, तरी यंत्र आणि कर्नल एकमेकांना डोळ्यांसमोर ठेवून बनले होते. पुढे क्रोमबुकने तीच गोष्ट व्यापारी प्रमाणावर करून दाखवली, त्याच कर्नलवर.

आणि अँड्रॉइडने तर वहिवाटीचे पारडेच उलटवले. फोनमध्ये एसीपीआय नव्हते, विंडोजही नव्हते. उत्पादक लिनक्ससाठीच चिप जुळवत होते. गूगलच्या अभियंत्यांचे मत असे, की बाहेरच्या अ‍ॅपांवर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून कोणी 'जागे राहा' असा कुलूपवजा हक्क धरला नसेल तर अख्खे यंत्रच निजवायचे. २००९ मध्ये हे 'वेकलॉक' त्यांनी कर्नलकडे पाठवले, २०१० मध्ये नाव बदलून पुन्हा पाठवले, आणि कर्नलच्या जाणत्या मंडळींनी कडवा विरोध केला. त्यांचा युक्तिवाद पॉवरटॉपच्या अनुभवातून आला होता: वाईट अ‍ॅप दुरुस्त करा, यंत्र बळाने निजवू नका. तात्त्विक बाजू त्यांची भक्कम होती. पण डेस्कटॉपवर प्रोग्रॅम लिहिणारे शेकड्यांनी मोजता येतात आणि त्यांना लाज आणता येते. फोनच्या बाजारात लाखो अ‍ॅप असतात आणि त्यांचा कर्ता सापडेलच असे नाही. विसॉत्स्की यांनी जाग आणणाऱ्या घटनांचा हिशेब ठेवणारी यंत्रणा आधी आणली, आणि २०१२ च्या ३.५ मध्ये गूगलला हवी होती जवळपास तीच सोय वेगळ्या नावाने कर्नलमध्ये आली. इतरांच्या वहिवाटीपुढे इतकी वर्षे नमते घेणाऱ्या समुदायाला स्वतःच्याच कर्नलची वहिवाट ओळखायला तीन वर्षे लागली, ह्यात थोडी गंमत आहे.

लॅपटॉपच्या बाजूला मात्र जुना धडा पुन्हा पुन्हा गिरवावा लागला. २०११ मध्ये २.६.३८ नंतर अनेक लॅपटॉप जास्त वीज खाऊ लागले. कारण शोधता निघाले ते असे: पीसीआय एक्सप्रेस जोडण्यांची वीजबचत वापरू नका, असा इशारा काही फर्मवेअर तक्त्यांतून देतात. लिनक्सने मानकाचा सरळ अर्थ लावून ती बचत सगळीकडे बंद केली. विंडोज मात्र अशा वेळी कशालाच हात लावत नव्हते. बायोसने जे जसे ठेवले ते तसेच सोडत होते, आणि बायोसने बऱ्याच ठिकाणी बचत आधीच चालू करून ठेवलेली होती. गॅरेट यांनी विंडोजचे वागणे उलगडून तसाच बदल केला; तो २०१२ च्या ३.३ मध्ये आला. सहा वर्षांनी डिस्कच्या साटा जोडणीबाबत तेच. लिनक्समधली सर्वांत काटकसरी अवस्था काही डिस्कांवर मजकूर बिघडवी, म्हणून वितरणे तिला हात लावत नव्हती. हान्स द खुडे यांनी विंडोजवरच्या इंटेलच्या ड्रायव्हरची मूळ मांडणी पाहिली, तीच नव्या अवस्थेच्या नावाने ४.१५ मध्ये आणली, आणि फेडोरा २८ ने ती आपसूक चालू केली. डिस्क बनवणाऱ्यांनी चाचणी त्याच मांडणीवर केलेली असणार, हा तर्क त्यामागे होता.

दरम्यान वहिवाटच बदलू लागली. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने फोनसारखी अर्धजागी झोप आणली. तीत फर्मवेअर यंत्र निजवत नाही; ऑपरेटिंग सिस्टिम चालूच राहते आणि प्रत्येक उपकरणाला इतके शांत करते, की चिप आपणहून खोल अवस्थेत जाते. एकही ड्रायव्हर जागा राहिला तर बॅग तापते आणि सकाळी बॅटरी रिकामी. लिनक्सने २०१३ च्या ३.९ मध्ये ह्या पद्धतीची पायाभरणी केली होती, पण सर्वांचा भर फर्मवेअरच यंत्र निजवते त्या जुन्या 'एस-३' झोपेवर होता, आणि उत्पादक तीच काढून टाकू लागले. लेनोवोचा २०१८ चा एक्स१ कार्बन एस-३ शिवाय बाजारात आला. लोकांनी तक्ते उकलून, दुरुस्त करून, सुरू होताना कर्नलला भरवायला सुरुवात केली. काही महिन्यांत कंपनीने बायोसच्या नव्या आवृत्तीत झोपेसाठी दोन पर्याय दिले. एकाला नाव विंडोज १०, दुसऱ्याला लिनक्स. त्याच वर्षी लेनोवो लिनक्सवरून फर्मवेअर अद्ययावत करण्याच्या सामायिक सेवेतही दाखल झाली. डेल तिथे आधीपासून होती. नंतरच्या इंटेल चिपांवर बहुतेक ठिकाणी एस-३ उरले नाही, आणि खोल झोप कोणत्या उपकरणाने अडवली हे सांगणारी माहिती आता इंटेल आणि एएमडीचे अभियंते स्वतःच कर्नलमधून उघड करतात.